अपेक्षित उत्तराचा रकाना

सातवीच्या इंग्रजीच्या बाईंना अख्खी शाळा ‘पायरीबाई’ म्हणायची. पाठीमागे, अर्थात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. बाईंना हे नाव ठाऊक नव्हतं असंही नाही. चांगलं ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आतून थोडं आवडतही होतं.

नावामागची हकिकत अशी. दोन वर्षांपूर्वी शाळेत एक तज्ज्ञ प्रशिक्षण द्यायला येऊन गेले. मुलांचा विचार म्हणे सहा पायऱ्यांनी चढत जातो. आधी आठवणं, मग समजणं, मग वापरणं, मग उकलून बघणं, मग पारखणं आणि सगळ्यात वर स्वतः काहीतरी नवं घडवणं. शिक्षकाने धड्याचं नियोजन करतानाच प्रत्येक पायरीचा एक तरी प्रश्न लिहून ठेवायचा. बाकीच्या शिक्षकांनी माना डोलावल्या, चहा घेतला आणि जुन्या वह्यांना नवी कव्हरं घातली. बाईंनी मात्र दुसऱ्याच दिवशी सहा रंगांच्या पेन्सिली आणल्या.

तेव्हापासून त्यांचा एकही धडा तक्त्याशिवाय वर्गात गेला नाही. डावीकडे पायरी, शेजारी प्रश्न, त्याच्या शेजारी ‘अपेक्षित उत्तर’ आणि शेवटी मिनिटं. म्हणजे उद्या वर्गात कोणतं मूल काय बोलणार, हे बाई आज संध्याकाळीच लिहून मोकळ्या व्हायच्या. आणि दुसऱ्या दिवशी मूल भलतंच काही बोललं, तर त्याच्याकडे अशा बघायच्या की त्या बिचाऱ्याला वाटावं, आपण चुकून दुसऱ्याच वर्गात येऊन बसलोय.

तज्ज्ञांनी जाता जाता आणखी एक सांगून ठेवलं होतं. प्रश्न वर्गात नेण्याआधी कुणावर तरी करून बघा. बाईंच्या हाताशी एकच माणूस होता, तो म्हणजे नवरा. तो सुतार. घराच्या मागेच त्याची कामाची खोली, आणि त्याचं इंग्रजी म्हणजे स्क्रू, हँडल आणि प्लायवूड. पण बाईंना त्याचं इंग्रजी नकोच होतं, डोकं हवं होतं. रोज संध्याकाळी त्या तक्ता घेऊन मागे जायच्या, एका स्टुलावर बसायच्या, धडा मराठीत सांगायच्या आणि एकेक पायरी विचारायच्या. तो रंधा मारता मारता उत्तरं द्यायचा. चुकलं की बाई “नीट विचार करा” म्हणायच्या. बरोबर आलं की त्याच्याकडे न बघताच तक्त्यावर खूण करायच्या. दोन वर्षांत त्या माणसाची सहावी आणि सातवी दोनदा झाली होती, आणि निकाल मात्र कधीच लागला नव्हता.

यंदा बाईंचा जीव एका गोष्टीत अडकला होता. हा वर्ग त्यांनी सहावीपासून घडवला होता. एकतीस मुलं. पुढच्या वर्षी ती आठवीत जाणार, आठवी म्हणजे या शाळेचं शेवटचं वर्ष, आणि बाईंच्या नोकरीचंही शेवटचंच. मुलांना आपल्या हाताने फाटकाबाहेर सोडायचं आणि मगच आपण बाहेर पडायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. पण शाळेत नवे सर आले होते. तरुण होते, लॅपटॉप घेऊन फिरायचे आणि आठवी मागत होते. मुख्याध्यापिकांनी आपली मान सोडवून घेतली. “पर्यवेक्षक साहेब तुम्हा दोघांचे पाठ बघतील, आणि ज्याचा शेरा चांगला त्याची आठवी,” त्या म्हणाल्या.

नव्या सरांचा पाठ झाला. शेरा ‘चांगला’ आला. बाईंना ‘उत्तम’ हवा होता.

पाठासाठी आलेला धडा साधाच होता. एक म्हातारी रोज सकाळी आपल्या दाराबाहेर एक खुर्ची ठेवते, जाणारा-येणारा कुणीही दमला तर बसावा म्हणून. खुर्चीचा एक पाय आखूड, म्हणून त्याखाली तिने कागदाची घडी सारलेली. एके सकाळी खुर्ची गायब होते. शेजारी कुजबुजतात, म्हातारी उंबऱ्यावर बसून रस्त्याकडे बघत राहते, आणि धडा तिथेच संपतो. खुर्ची कुणी नेली ते लेखकाने सांगितलेलंच नाही.

“कुणी नेली असेल?” बाईंनी त्या संध्याकाळी नवऱ्याला विचारलं. ही चौथी पायरी होती. तक्त्यात त्यांनी हिरव्या पेन्सिलीने ‘चोराने’ असं लिहूनही ठेवलं होतं.

“सुताराने,” नवरा म्हणाला.

“तुम्हाला जिकडेतिकडे सुतारच दिसतात.”

“अगं, लंगडी खुर्ची कोण चोरेल? चोर काय आंधळा आहे? दुरुस्तीला नेली असणार कुणीतरी. आणि त्या लेखकाला कागदाची घडी सांगायची काय गरज होती मग? उगाच?”

बाईंनी पुस्तक उघडलं. पुन्हा धडा वाचला. घडी तिसऱ्याच ओळीत होती, आणि गेली अकरा वर्षं हा धडा शिकवताना त्यांनी ती ओळ घडीसकट ओलांडली होती. हे नवऱ्यापाशी कबूल करण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी ‘चोराने’ खोडलं आणि तिथे लिहिलं: ‘दुरुस्त करणाऱ्याने. पुरावा: कागदाची घडी.’ मग त्याच्यावर पुढच्या दोन पायऱ्या रचल्या. पाचवी पायरी, न विचारता नेली हे बरोबर केलं का? सहावी, नेणाऱ्याने मागे कोणती चिठ्ठी ठेवायला हवी होती, ती लिहा. तक्ता इतका देखणा झाला की बाईंनी तो दोनदा हात लांब करून बघितला.

“माझं नाव घालणार का त्यात?” नवऱ्याने विचारलं.

“तुम्ही लाकूड बघा,” बाई म्हणाल्या.

पाठाच्या दिवशी पर्यवेक्षक साहेब मागच्या बाकावर गुडघे आवळून बसले. मांडीवर त्यांचाही तक्ता होता, सहा चौकोनांचा. बाईंनी वर्गाकडे एकवार बघितलं. उजवीकडे घाईघाई, ज्याचा हात प्रश्नाच्या आधी वर जायचा. खिडकीशी वकीलबाई, जी ‘गुड मॉर्निंग’लाही पुरावा मागेल. आणि अगदी समोर, पहिल्या बाकावर, डुलकी. या मुलीची आई पहाटेच्या पाळीला जाताना तिला शाळेच्या फाटकाशी सोडून जायची, त्यामुळे पहिल्या तासाला तिचं डोकं बाकावर टेकायचंच. नजरेखाली असावी म्हणून बाईंनी तिला आपल्या खुर्चीसमोरच बसवलं होतं. नजरेखाली ती असायची, पण झोपलेली असायची.

पहिल्या तीन पायऱ्या भराभर चढून झाल्या. दाराबाहेर काय होतं, कशासाठी होतं, धड्यातले शब्द वापरून तुमचं वाक्य सांगा. मुलं इंग्रजीत बोलत होती, अडखळत का होईना. साहेबांची पेन्सिल तीनदा हलली. बाईंचा जीव भांड्यात पडला.

मग चौथी पायरी आली. खुर्ची कुणी नेली, आणि धड्यातल्या कशावरून?

“पोलीस!” घाईघाई ओरडला.

“गुड,” बाई म्हणाल्या. त्यांचं हे ‘गुड’ एका खास सुरात यायचं, आणि त्या सुराचा अर्थ ‘साफ चूक’ असतो हे वर्गाला पाठ होतं.

कुणी वारा म्हणालं, कुणी चोर. वकीलबाई म्हणाली, म्हातारीच्या जावयाने विकली असेल, पण पुरावा नाही. मागून एकाने सांगितलं, म्हातारीला थंडी वाजली, तिनेच ती जाळली आणि आता कुणाला सांगत नाही. हे उत्तर खरोखर झकास होतं. बाईंनी त्यालाही ‘गुड’ म्हटलं, त्याच सुरात.

“थिंक, थिंक,” त्या म्हणाल्या. “खुर्चीत काहीतरी होतं ना? खाली? पायाखाली?”

“मांजर?” घाईघाईने विचारलं.

सहा मिनिटांची पायरी, अकरा मिनिटं झाली तरी वर्ग तिथेच. बाई गळ टाकून बसल्या होत्या आणि त्यांना हवा तो एकच मासा पाण्यात नव्हता. मुलांना एव्हाना कळून चुकलं होतं की विचार वगैरे करायचा नाहीये, बाईंच्या मनातलं ओळखायचंय. त्यामुळे जो तो जे तोंडाला येईल ते फेकत होता. राजा, हत्ती, सरकार. पर्यवेक्षकांची पेन्सिल थांबली होती. पाचवी आणि सहावी पायरी वर लटकत होती, आणि त्यांच्यापलीकडे आठवी.

बाई हताश होऊन खुर्चीत बसल्या. खुर्ची कचकन एका अंगाला कलली. बाईंनी टेबल धरलं म्हणून वाचल्या.

वर्गात कुणी हसलं नाही. फक्त डुलकीने बाकावरचं डोकं उचललं. दीड वर्षात बाईंनी न बोलावता ती पहिल्यांदा उभी राहत होती.

“टीचर,” ती म्हणाली, “युवर चेअर ऑल्सो.”

बाईंना आधी वाटलं, पोरगी आगाऊपणा करतेय. मग त्यांनी तिच्या बोटाच्या दिशेने खाली बघितलं. खुर्चीच्या मागच्या डाव्या पायाजवळ कागदाची एक जाडसर घडी निसटून पडली होती. तीन वर्षांपूर्वी बाईंनीच ती तिथे सारली होती. जाड कागद हाताशी नव्हता म्हणून त्यांनी नंतर त्यावर एक जुना नियोजनाचा तक्ताही घडी करून चढवला होता आणि मग दोन्ही विसरून गेल्या होत्या. बाकावर डोकं टेकलं की डुलकीच्या डोळ्यांसमोर बरोबर तो पाय यायचा. सगळं वर्ष तिने दुसरं काही बघितलंच नव्हतं.

“सेम पेपर,” डुलकी म्हणाली. “सो, नॉट थीफ.” आणि खाली बसली.

तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली.

शेरा दुपारी हातात आला. ‘नियोजन उत्तम. पाठ अपूर्ण. पाचवी व सहावी पायरी झाली नाही. सोमवारी पहिल्या तासाला पूर्ण करून दाखवावी, अन्यथा आठवीबाबत विचार करता येणार नाही.’

बाई घरी आल्या त्या थेट मागच्या खोलीत. “तुमच्यामुळे!” त्या म्हणाल्या. “चोर म्हणून मोकळी झाले असते मी. आता सोमवारी पुन्हा उभं राहायचंय. सोमवारी. लक्षात ठेवा, पहिला तास.” आणि मग रागाच्या भरात सगळी हकिकत सांगून टाकली, घडीसकट.

नवऱ्याने रंधा खाली ठेवला. “तुझी खुर्ची लंगडी आहे?”

“ते महत्त्वाचं आहे का आत्ता?”

“कधीपासून?”

“असतील तीन वर्षं.”

“तीन वर्षं,” तो म्हणाला. “आणि घरात सुतार.”

एवढंच म्हणून त्याने रंधा पुन्हा उचलला. बाईंना तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं, कारण ओरडणाऱ्याशी भांडता येतं. शनिवारी त्यांनी “सोमवारी पाठ आहे” असं त्याला दोनदा सांगितलं, रविवारी एकदा. तो “हं” म्हणाला. रविवारी दुपारी तो कुठेसा जाऊन आला, तेही त्यांनी विचारलं नाही. त्या तक्ता रंगवत होत्या.

सोमवारी बाई वर्गात शिरल्या आणि जागच्या जागी थबकल्या. टेबल होतं, फळा होता, एकतीस मुलं होती, मागे गुडघे आवळून साहेबही होते. खुर्ची नव्हती. तिच्या जागी फरशीवर फक्त कागदाची घडी पडली होती.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी तक्ता उघडला. पाचव्या पायरीसमोर अपेक्षित उत्तर होतं, सहावीसमोरही होतं, पण ‘तुमची खुर्ची गेली तर काय करावं’ याच्यासमोर काहीच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या वर्गासमोर अशा उभ्या होत्या की पुढे काय होणार हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

“हू टुक इट?” त्यांनी विचारलं. आणि या वेळी त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मुलांना तो फरक लगेच कळला. मुलांना असल्या गोष्टी फार लवकर कळतात. घाईघाईचा हात वर गेला नाही, तो आधी उठून घडीजवळ जाऊन वाकला. फरशीवर लाकडाचा भुसा नाही, म्हणजे इथे तोडलेली नाही, हे त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. वकीलबाई म्हणाली, चोर असता तर टेबलही नेलं असतं. घडी मुद्दाम मधोमध ठेवलीय, म्हणजे नेणाऱ्याला सांगायचंय की मी कशासाठी नेली. मग तिने एकदम बाजू बदलली आणि आरोप ठेवला, तरीही न विचारता नेली, आता बाई उभ्या आहेत, त्यांचे पाय दुखतील, त्याचं काय? मागच्या, थंडीवाल्या मुलाने नेणाऱ्याची बाजू घेतली. विचारलं असतं तर बाई ‘नको’ म्हणाल्या असत्या. मोठी माणसं नेहमी ‘नको’ म्हणतात.

यावर वर्ग हसला आणि बाईही हसल्या. अर्धा तास त्या उभ्याच होत्या, आणि एकदाही ‘गुड’ म्हणाल्या नाहीत. म्हणायला फुरसतच मिळाली नाही. इंग्रजी चुकत होतं, क्रियापदं कुठल्या कुठे पडत होती, पण वाद इंग्रजीतच चालला होता. शेवटची दहा मिनिटं एकतीस वह्या उघडल्या, आणि एकतीस मुलांनी नेणाऱ्याच्या वतीने एकेक चिठ्ठी लिहिली. डुलकीने सगळ्यात आधी लिहून दिली आणि मग डोकं बाकावर टेकलं. आता समोर बघण्यासारखं तिथे काही राहिलं नव्हतं.

साहेब जाताना कागद देऊन गेले. मुख्याध्यापिकांनी तो मोठ्याने वाचला. ‘पाठ नियोजनाप्रमाणे झाला नाही. असाच होत राहावा. उत्तम.’ मग चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या, “आठवी तुमची. आणि खुर्ची उद्या आणून देतो म्हणालेत तुमचे यजमान. रविवारी साफसफाईसाठी शाळा उघडी होती, तेव्हा माझी परवानगी घेऊन नेली त्यांनी. तुम्हाला सांगितलं नाही?”

संध्याकाळी बाई चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन मागे गेल्या. खुर्ची खोलीच्या मधोमध उलटी होती, चार पाय वर. डावा मागचा पाय नवा होता, अजून पॉलिश न केलेला, दोरीने आवळून बांधलेला.

“आज पाठ होता,” बाई म्हणाल्या.

नवऱ्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. “मेलो. पाठ आजच होता? अगं, सांध्यातला सरस सुकायला दोन दिवस लागतात, मला वाटलं मंगळवारी ठेवून येईन, तुझ्या पाठाच्या आधी...”

“चारदा सांगितलं होतं,” बाई म्हणाल्या. “पहिली पायरीच चुकली तुमची. आठवणं.”

त्याचा चेहरा इतका पडला की बाईंना हसू आवरेना. त्यांनी ‘उत्तम’ आणि आठवी दोन्ही सांगून टाकलं. मग स्टुलावर बसून एकेक चिठ्ठी त्याला वाचून दाखवली, आधी इंग्रजीत, मग मराठीत. डुलकीची शेवटी ठेवली होती.

“आय टुक युवर चेअर,” त्यांनी वाचलं. “इट वॉज टायर्ड. यू डिड नॉट आस्क, सो आय डिड नॉट टेल.”

“म्हणजे?”

“म्हणजे, तुमची खुर्ची मी नेली. ती दमली होती. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मी सांगितलं नाही.”

तो बराच वेळ खुर्चीच्या नव्या पायावरून अंगठा फिरवत राहिला. बाईंनी गठ्ठा बाजूला ठेवला. पिशवीतून सवयीने तक्ता निघाला होता, उद्याचा, रंगीत पेन्सिलींसकट. तो त्यांनी परत आत सारला. अपेक्षित उत्तराचा रकाना कोराच होता.

“तुमचा दिवस कसा गेला?” त्यांनी विचारलं.

नवऱ्याने वर बघितलं. मग सावरून बसला, हातातली पॉलिशपेपरची घडी खाली ठेवली, घसा साफ केला.

“ही कितवी पायरी?” त्याने विचारलं.

“पायरी नाही,” बाई म्हणाल्या. “मला माहीत नाही म्हणून विचारतेय.”